गोकुळाचं चालणं

चांद्याच्या डॉक्टरांनी बापूजीला व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं, की तुमची मुलगी दिवाळी काढेल असं मला वाटत नाही.

ही छप्पन्न सालची गोष्ट. गोकुळा तेव्हा तेवीस वर्षांची होती. दहा वर्षांची असताना तिला ताप आला होता, गुडघे-मनगटं सुजून ती महिनाभर खाटेवर पडून होती. पुढे ताप गेला, सूज उतरली आणि सगळे ते विसरून गेले. त्या तापानं तिच्या हृदयातलं एक दार चिकटून गेलं होतं, हे कोणाला कसं कळावं? लग्न झालं, सासरी गेली, आणि नदीवरून पाण्याची गुंडी आणताना तिला धाप लागू लागली. पोट राहिलं आणि पाचव्या महिन्यात गेलं. मग खोकल्यातून रक्त पडलं. आडवी झाली की जीव गुदमरायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची.

"एक मार्ग आहे," डॉक्टर म्हणाले. "मद्रासेकडे मिशनचा दवाखाना आहे. तिथे आता हृदयाची शस्त्रक्रिया करू लागलेत. जगेलच असं सांगत नाही. पण जाणार असाल तर चिठ्ठी देतो."

बापूजी ढिवर माणूस. जन्म कोसंबीच्या तलावावर मासोळ्या धरण्यात गेलेला. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, लेकरू एवढं एकच. त्यानं घरी विचारून सांगतो वगैरे काही म्हटलं नाही. "द्या चिठ्ठी," म्हणाला.

जावई मनसाराम खांबाला धरून उभा होता. वाईट माणूस नव्हता तो. गोकुळाला बैलगाडीत घालून चांद्याला त्यानंच आणलं होतं, तिच्या पायाशी तो दोन दिवस बसून होता. पण चिठ्ठीचं ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"मामाजी, छाती चिरल्यावर मानूस कसा जगन?"

"नाई चिरली तरी कुठी जगून राह्यली?" बापूजी म्हणाला.

मनसारामला सोबत येता येणार नव्हतं. त्याची आई डोळ्यांनी अधू, धान कापणीला आलेलं. तो बल्लारशाच्या स्टेशनापर्यंत आला. गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून थोडा पळालाही. गोकुळानं हात बाहेर काढला होता. ते पळणं बापूजीच्या मनात राहिलं, आणि पुढे त्याचाच त्याला फार त्रास झाला.

दवाखान्यात पहिले पाच आठवडे नुसतं खाऊपिऊ घालून अंगात ताकद आणण्यात गेले. दिवाळी होऊन बारा दिवस झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या डाव्या बरगड्यांमधून वाट काढली आणि हृदयात बोट घालून ते चिकटलेलं दार मोकळं केलं. बापूजीला हे सगळं समजावलं ते नागपूरकडच्या एका ख्रिस्ती नर्सबाईनं. त्या अख्ख्या दवाखान्यात मराठी येणारी ती एकटीच. बापूजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "धडधडत्या काळजात बोट घातलं?" ती म्हणाली, "हो, धडधडतच होतं."

निघताना त्याच बाईनं त्याला खाली बसवून सांगितलं, "बाबा, नीट ऐका. गावी गेल्यावर लोक म्हणतील, हिला खाटेवरून उठू देऊ नका. तसं केलंत तर आम्ही केलेलं सगळं फुकट जाईल. हिला रोज चालवायचं. आज घरात, उद्या अंगणात, परवा वाटेवर. आणि चालताना बोलायला लावायचं. बोलता येतंय तोवर चालू द्यायचं. बोलणं तुटलं की थांबायचं, बसायचं, दम आला की पुन्हा उठायचं. शस्त्रक्रियेपासून सहा महिने सासरी धाडू नका. ओझं नको, आणि दोन वर्षं मूल नको."

संक्रांतीच्या आधी बापलेक कोसंबीला परतली. आयाबाया व्रण बघायला आल्या. डाव्या बाजूनं पाठीपर्यंत गेलेला तो लांबच लांब वळ बघून एकदोघींनी तोंडाला पदर लावला. "आता जपून ठेव बापूजी हिले, हलू नको देऊ," सगळ्यांनी तेच सांगितलं. बापूजीनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला अंगणात चालायला उभं केलं.

पहिल्या दिवशी ती कुंपणापर्यंत गेली आणि तिथंच बसली. आठ दिवसांनी मारुतीच्या देवळापर्यंत. मग तलावाची पाळ आली. पाळीवर सुरुवातीला एक हिवराचं झाड होतं, पुढे मोहाचं, त्यापुढे पाणी सोडायची मोरी आणि अगदी टोकाला सांडवा. गोकुळा झाडामागून झाड गाठत गेली. तिच्या पायांना बळ नव्हतं आणि मनाला भीती होती. काळीज जरा जोरात उडालं की ती छातीवर हात दाबून उभी राहायची, टाका उसवेल की काय म्हणून.

"बोल, माय," बापूजी म्हणायचा. "बोलत राह्य. तोंड बंद नको ठेवू."

"काय बोलू बाबा?"

"बोल काईबी."

आणि ती सासरबद्दल बोलायची. तेवीस वर्षांच्या बाईजवळ दुसरं काय असणार? बोरघाटच्या घराबद्दल, वैनगंगेच्या काठच्या रेतीवर ती टरबुजांच्या वेली लावायची त्याबद्दल. सासूबद्दल, आशाबाईबद्दल, जी डोळ्यांना दिसत नसतानाही मासोळी हाताला लागली की तिचं नाव सांगायची. मनसाराम झोपेत जाळं ओढल्यासारखे हात हलवतो त्याबद्दल. बोलता बोलता ती हसायची, हसता हसता दम लागायचा, मग बापूजी तिला खाली बसवायचा.

"सहा महिने झाले की तुमी मले गाडीनं नका नेऊ," एकदा ती म्हणाली. "मी पायी जाईन. तीन कोस तर हाये. गाडीत घालून नेली होती नं त्यायनं मले, पोत्यावानी? आता पाहू द्या, पायी आली म्हनून."

त्या दिवसापासून चालण्याला ठिकाण मिळालं. ती स्वतःच पहाटे उठून बसू लागली.

शिमग्याच्या आदल्या दिवशी पत्रू आला. पत्रू हा कावडीनं मासोळ्या घेऊन गावोगाव हिंडणारा, बापूजीचा लांबचा भाऊबंद. बापूजी तलावाच्या काठी जाळ्याची भोकं सांधत बसला होता. पत्रूनं कावड ठेवली, चिलीम भरली, ओढली, पुन्हा भरली.

"काय झालं रे?"

"भाऊ, बोरघाटले गेलतो. मनसारामनं दुसरी आनली."

बापूजीची सुई थांबली.

"पोरगी मंगली नावाची, नदीपल्याडची हाये. दिस गेले हायेत तिले." पत्रू खाली बघत होता. "मले वाटलं तुमाले मालूम असन."

बापूजीनं एवढंच म्हटलं, "गोकुळेजवळ बोलू नको. गावात कोनाजवळच बोलू नको." पत्रूनं ते पाळलं. बापूजी मात्र त्या संध्याकाळी जेवला नाही. पोट दुखतं म्हणाला.

सांगायचं त्यानं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाळीवर सांगायचं म्हणूनच तो निघाला. पण त्या दिवशी गोकुळा पहिल्यांदा मोरी ओलांडून पुढे गेली. तिच्या गालावर रंग आला होता. ती सांगत होती, की बोरघाटच्या घरात चुलीमागची भिंत ओलावते, यंदा ती पावसाआधी लिंपून घ्यायची आहे. बापूजीची जीभ उचलली नाही. उद्या सांगू म्हणाला. उद्याही नाही सांगितलं. पोरगी ज्याच्यासाठी पाऊल उचलते आहे तेच काढून घेतलं तर ती खाटेवर बसेल, आणि बसली तर नर्सबाईनं सांगितलं तसं होईल, असं त्यानं मनाला समजावलं. ते खोटंही नव्हतं. पण रोज सकाळी "बोल, माय" म्हणताना त्याच्याच छातीत कळ येऊ लागली.

"ते एकदाबी काऊन नाई आले बाबा मले पाहाले?" तिनं विचारलं.

"मीच नको म्हनून सांगितलं. डॉक्टरनं सहा महिने म्हटलं हाये नं."

"निरोप तरी?"

"पत्रूजवळ धाडला होता. बरं हाये म्हने सगळं."

एक खोटं झालं की त्याला टेकू द्यायला दुसरं लागतं. चैत्र संपेपर्यंत बापूजीजवळ अशी खोटी ढीगभर झाली.

गोकुळा आता पाळीची दोन टोकं न बसता गाठायची. सांडव्यापलीकडच्या जंगलातून फॉरेस्टच्या नाक्यापर्यंत जाऊन यायची. कमरेवर छोटी कळशी घेऊ लागली. सहा महिने भरले त्या आठवड्यात तिनं लुगडं धुऊन वाळवलं, आणि सासूसाठी सुकटीची पुरचुंडी बांधून ठेवली.

कोंबडं आरवायला बापलेक निघाली. वैशाखाचे दिवस, ऊन व्हायच्या आत पोचायला हवं होतं. सागाची पानं गळून गेली होती, वाटेवर त्यांचा चुरा पायाखाली वाजत होता. गोकुळा पुढे, बापूजी मागे. तो न सांगताच ती बोलत होती. मंगळवारी अहेरीकडच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या नदीकाठानं जातात, त्यांच्याकडून सासूसाठी तंबाखू घ्यायची, असं काहीतरी. अर्ध्या वाटेवर नाला लागला. पाणी आटून डबकी राहिली होती. तिथं बापूजी खडकावर बसला.

"दम लागला बाबा?" ती हसून म्हणाली. "मले नाई लागला."

"बस इथी."

"पुढं बसू. ऊन होईन."

"बस, गोकुळे."

ती बसली. बापूजीनं तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं. मंगलीचं, तिला दिवस गेल्याचं, पत्रूचं. सांगायला फार वेळ लागला नाही. नऊ आठवडे जे तोंडात धरून ठेवलं होतं ते चार वाक्यांत संपलं.

गोकुळानं पुरचुंडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कवापासून मालूम हाये तुमाले?"

"शिमग्यापासून."

"अन् तुमी मले रोज बोलाले लावत राह्यले." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या घराचं बोलाले लावत राह्यले."

"बोलनं बंद पडलं असतं तर चालनंबी बंद पडलं असतं, माय."

ती उठली. बापूजीला वाटलं, घराकडे वळेल. ती नाला उतरून बोरघाटच्या बाजूला चढली. तो मागोमाग गेला. पुढचा दीड कोस ती एक शब्द बोलली नाही. दर वळणावर बापूजी तिच्या खांद्यांकडे बघत होता. हे मुकं चालणं दम तुटल्यामुळे आहे की दुसऱ्या कशामुळे, ते त्याला कळेना. विचारायची हिंमत होईना. त्यानं फक्त एकदा "बस थोडी" म्हटलं. ती थांबली नाही.

बोरघाटला पोचली तेव्हा उन्हं झाडांच्या शेंड्यांवरून खाली आली होती. अंगणात एक पोर झाडत होती. सोळा-सतरा वर्षांची, पोट पुढे आलेलं. अनोळखी पाहुणे बघून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि पाण्याचा तांब्या आणला. गोकुळानं तो घेतला, उभ्याउभ्याच प्यायली.

"कोन आलं वं मंगली?" ओसरीवरून आशाबाईनं विचारलं.

गोकुळा जाऊन तिच्या पायांशी बसली. म्हातारीनं हात पुढे केला, गालावरून, कानावरून, मानेवरून फिरवला. कानापाशी तो हात थांबला.

"गोकुळा? तुले तं चिरलं होतं नं?"

"चिरलं होतं. बरी झाली, आत्याबाई."

आशाबाई रडू लागली. मंगली दाराला धरून उभी होती. तिला आता कळलं होतं हे कोण ते, आणि आपलं काय होणार याची भीती तिच्या चेहऱ्यावर अशी दिसत होती, की बापूजीला तिच्याकडेही बघवेना.

मनसाराम नदीवरून आला तो जाळं खांद्यावर घेऊनच दारात खिळला. मग जाळं खाली ठेवलं आणि बापूजीच्या पाया पडला. उठून तो बोलू लागला. आई एकटी होती, घरात चूल पेटवायला कोणी नव्हतं, पंचांनी म्हटलं, चांद्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं दिवाळी नाही काढणार.

"छाती चिरल्यावर मानूस जगते असं कोनीच सांगितलं नाई मले," तो म्हणाला.

"हिले कवा आनली?" गोकुळानं विचारलं.

आशाबाई म्हणाली, "दिवाळीच्या चौथ्या दिसी."

"मले तं बाराव्या दिसी चिरलं," गोकुळा म्हणाली.

मनसाराम खाली बसला. डोकं गुडघ्यांत घातलं. थोड्या वेळानं तसाच म्हणाला, "राह्य इथीच. दोघी राहा. मी कोनालेच जा म्हनत नाई."

"राह्य माय," आशाबाईनं तिचा हात धरला. "घर तुहंच हाये."

ती हो म्हणाली असती तर बापूजीनं तिला तिथं ठेवलं असतं. नाही म्हणाली असती तरी त्यानं काही म्हटलं नसतं. निवाडा करायचा हक्क आपण पाळीवर गमावला, असं त्याला वाटत होतं. गोकुळानं म्हातारीचा हात हळूच सोडवला आणि त्यात सुकटीची पुरचुंडी ठेवली. मग मंगलीकडे बघितलं.

"नदीवरून गुंडी तूच आनते?"

मंगलीनं मान हलवली.

"आता नको आनू." तिनं मनसारामकडे बोट केलं. "यायले आनू देजो."

एवढं बोलून ती अंगणाबाहेर पडली. मनसाराम उठला, दोन पावलं आला आणि थांबला. या वेळी तो पळाला नाही.

ऊन रणरणू लागलं होतं. नाल्यापर्यंत कशीबशी आली आणि गोकुळा जांभळीच्या सावलीत आडवी झाली. बापूजीनं डबक्यात पंचा भिजवून तिच्या कपाळावर ठेवला. ती रडली. मोठ्यानं नाही, पण सगळ्या अंगानं. व्रणाच्या जागी हात धरून रडली. बापूजी घाबरला. रडण्याबद्दल नर्सबाईनं काही सांगितलं नव्हतं. किती रडू द्यायचं, कुठं थांबवायचं, कोणाला ठाऊक? तो तिच्या लुगड्याच्या पदराचं खालीवर होणं बघत बसला. हळूहळू ते संथ झालं. तिला झोप लागली. सरळ पाठीवर, हातपाय सैल सोडून ती झोपली होती. भिंतीला न टेकता झोपलेली पोर बघायला मिळावी म्हणून त्यानं एवढा मुलूख तुडवला होता. तेच आता समोर दिसत होतं, आणि त्याला आनंद होत नव्हता.

उन्हं कलली तेव्हा ती उठली, तोंड धुतलं आणि चालू लागली. शेवटच्या कोसात बापूजीचेच पाय जड झाले. ती पुढे जाऊन थांबायची, तो आला की पुन्हा निघायची. दिवेलागणीला दोघं कोसंबीत आली.

त्यानंतर कितीतरी दिवस ती बापाशी कामापुरतंच बोलली. पाळीवर जाणं तिनं सोडलं नाही, पण एकटी जायची. बापूजी तलावाच्या काठावरून तिला येता-जाता बघायचा. पावसाळा गेला. दुसऱ्या वर्षी ती बायांबरोबर काठावरून जाळं ओढू लागली, मासोळीची टोपली घेऊन सिंदेवाहीच्या बाजारात जाऊ लागली. बोरघाटला मंगलीला मुलगी झाल्याचं पत्रूनं सांगितलं, तेव्हा तिनं फक्त विचारलं, "बाई बरी हाये नं?" एकदोन ठिकाणांहून तिला पाट लावण्यासाठी विचारणं आलं. व्रणाचं कळलं की ती माणसं पुन्हा येत नसत. आली असती तरी ती गेली असती असं नाही.

अठ्ठावन्नच्या थंडीत मद्रासेकडून एक छापील कार्ड आलं. इंग्रजीत होतं. बापूजी ते घेऊन गोकुळासह शाळेत गेला. गुणवंतराव मास्तरांनी चष्मा लावून वाचलं.

"दवाखान्याचं आहे. रोगी कसा आहे ते विचारलंय. उत्तरं लिहून धाडायचीत." त्यांनी दौत पुढे ओढली. "न थांबता किती चालता येतं?"

"तीन कोस," गोकुळा म्हणाली.

"जिना किंवा चढ चढताना धाप लागते?"

"नाई."

"झोपताना उशी लागते?"

"नाई."

"घरातली पूर्वीची सगळी कामं करता येतात?"

"येतात."

मास्तरांनी पुढचा प्रश्न मनात वाचला, चष्मा वर केला आणि बापूजीकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. "घरी कोण कोण असतं, असं विचारलंय."

"बाबा अन् मी," गोकुळानंच सांगितलं. मग दारात ठेवलेली टोपली तिनं डोक्यावर घेतली. "मी निघते. मासोळी खराब होईन."

ती गेली. मास्तरांनी शाई टिपली, कार्ड बापूजीसमोर सरकवलं आणि त्याच्या अंगठ्याला शाई लावली. अंगठा उमटवून झाल्यावरही तो उठेना.

"अजून काही लिहायचं?"

"लिहा, पोरगी जिती हाये."

"ते त्यांना कळतंच की यावरून, बापूजी."

"तरी लिहा," बापूजी म्हणाला.

कार्डावर जागा फार उरली नव्हती. मास्तरांनी ते आडवं धरलं आणि कडेला बारीक अक्षरांत लिहिलं.